तेलखडकातील उष्णता, क्षार आणि जिवाणू

खनिज तेल भूगर्भात तळ्यासारखे साठलेले असते, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ते वालुकाश्म किंवा चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. विहीर खोदल्यावर काही तेल नैसर्गिक दाबाने वर येते. दाब ओसरला की पाणी सोडून आणखी काही ढकलले जाते. तरीही बहुतेक तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. गरजेच्या बहुतांश खनिज तेलाची आयात करणाऱ्या आपल्या देशाला या उरलेल्या तेलाचे मोल सांगावयास नको.

हे तेल अडकते कशामुळे? तेल व पाणी यांच्या सीमेवर ताण असतो. त्यामुळे तेलाचा थेंब आपला आकार सोडत नाही व छिद्राच्या अरुंद मुखातून पुढे सरकत नाही. तेलकट ताटाला साबण लावताच तेल सुटते, कारण साबण हाच ताण कमी करतो. काही जिवाणूही असे पदार्थ निर्माण करतात. त्यांना जैवपृष्ठसक्रियक म्हणतात. १९६८ मध्ये जपानी संशोधकांनी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूपासून मिळवलेले सर्फॅक्टिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. अल्पशा सर्फॅक्टिनने तो सुमारे २७ पर्यंत उतरतो.

मग साधा साबण का नको? कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपण जाणतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. तेलखडकातील पाणी तर अनेक ठिकाणी समुद्राहूनही खारट असते. शिवाय दर किलोमीटर खोलीमागे तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते.

येथे आपण दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: जिवाणू टिकतो का, आणि त्याने निर्मिलेला पदार्थ टिकतो का? पदार्थ कारखान्यात तयार करून विहिरीत सोडावयाचा असेल, तर तो पदार्थ टिकला की पुरे. परंतु जिवाणूला साखर कारखान्याच्या मळीसारखे स्वस्त खाद्य देऊन खडकातच वाढवावयाचे असेल, तर दोन्ही टिकले पाहिजेत. आणि तेही प्राणवायूवाचून. खाऱ्या परिसरात पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. त्याला तोंड देण्यासाठी क्षारसह जिवाणू प्रोलिन, एक्टोइन यांसारखे निरुपद्रवी रेणू पेशीत साठवतात. उष्णताप्रिय जिवाणूंच्या प्रथिनांची घडी उष्णतेतही सहसा उलगडत नाही.

अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या तेलक्षेत्रात सापडलेला बॅसिलस कुळातील जेएफ-२ हा वाण प्राणवायूवाचून, खाऱ्या पाण्यात, सुमारे ५० अंशांपर्यंत वाढतो. त्याने निर्मिलेला पदार्थ मात्र त्याहून अधिक उष्णतेतही प्रभावी राहतो. आपल्याकडे ओएनजीसी व टेरी या संस्थांनी मिळून उष्ण तेलविहिरींसाठी जिवाणूसमूह विकसित केले आहेत.

धोकाही ध्यानात ठेवावा. दिलेल्या खाद्यावर नको असलेले जिवाणूही पोसले जाऊ शकतात. त्यांतील काही सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात व त्याने नळ गंजतात. म्हणून प्रयोगशाळेतील यशावर विसंबता येत नाही. प्रत्येक क्षेत्राचे तापमान, क्षार व तेथील मूळचे जिवाणू आधी तपासावे लागतात आणि त्यानंतरच योग्य जिवाणू निवडावा लागतो.