आदेश निघण्याची वाट पाहू नका

विद्यापीठातले केंद्र बंद करायला आदेश लागतोच असे नाही. संचालक निवृत्त होतात आणि ती जागा रिकामीच राहते. प्रभार दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांकडे जातो. शिकवायला तासिका तत्त्वावरचे एकदोघे उरतात. एका वर्षी प्रवेशाच्या जाहिरातीत अभ्यासक्रमाचे नावच येत नाही, आणि पुढच्या वर्षी 'विद्यार्थी कुठे आहेत?' असे विचारायला सगळे मोकळे होतात.

मराठवाड्यातल्या लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारे आमचे छोटे केंद्र याच वाटेने गेले. मी तिथे शिकले, पुढे तिथेच तासिका तत्त्वावर शिकवले आणि ते वाचवण्याच्या धडपडीत शेवटपर्यंत होते.

विलीनीकरणाची बातमी आम्हाला तोंडीच कळली. निवेदन दिले, धरणे धरले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. वरिष्ठांनी भेटीला बोलावून 'सहानुभूतीने विचार करू' असे आश्वासनही दिले. प्रस्ताव मात्र तोवर समित्यांमधून पुढे सरकला होता. ज्या टेबलावर आम्ही निवेदन ठेवत होतो, तिथून फाइल केव्हाच हलली होती. केंद्र एका मोठ्या विभागाच्या पाटीखाली गेले आणि त्याचे काम थांबले.

पाटी गेल्याचे दुःख आहेच, पण खरे नुकसान वेगळे आहे. बीड, जालना, परभणीकडची मुलेमुली या केंद्रात यायची आणि सुटीत घरी गेली की आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावातल्या गोंधळ्यांचे आख्यान, वाघ्या-मुरळीची गाणी ध्वनिमुद्रित करून आणायची. आपल्या घरात ज्ञान आहे आणि ते विद्यापीठात मांडता येते, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळायचे. गाणाऱ्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत. त्यांच्या आवाजाच्या फिती कुलूपबंद कपाटात आहेत आणि त्यांची जबाबदारी कुणाच्याच नावावर नाही.

हे एकट्या आमच्याच नशिबी आले असे नाही. संस्कृतीच्या अभ्यासाला जगभर नवी दिशा देणारे इंग्लंडमधले बर्मिंगहॅमचे केंद्र रिचर्ड हॉगर्ट यांनी 1964 साली सुरू केले आणि स्टुअर्ट हॉल यांनी नावारूपाला आणले. पुढे त्याचा विभाग झाला. 2001 च्या संशोधन मूल्यांकनात श्रेणी कमी आली आणि 2002 साली 'पुनर्रचना' म्हणत तो बंद झाला. विद्यार्थी उभे राहिले, देशोदेशीच्या अभ्यासकांनी पत्रे लिहिली, पण निर्णय फिरला नाही. कीर्ती कितीही मोठी असली तरी कागदावरच्या एका श्रेणीपुढे ती तोकडी पडते.

आपल्याकडचे स्त्री अभ्यास केंद्रांचे उदाहरण थोडा धीर देणारे आहे. 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्या नावाचे केंद्र आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या विद्यापीठातही आहे. बारावी पंचवार्षिक योजना 31 मार्च 2017 ला संपली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशावर चालणाऱ्या देशभरातल्या अशा केंद्रांपुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला. ती सगळी एकत्र बोलली, कारण 1982 पासून भारतीय स्त्री अभ्यास संघटना त्यांच्यामागे होती. मुदतवाढ मिळाली. प्रश्न कायमचा सुटला नाही, पण श्वास घ्यायला वेळ मिळाला. एकेकटे केंद्र सहज विस्मरणात जाते, जाळ्यातले केंद्र जात नाही.

या सगळ्यातून जे शिकले ते कुठल्याही छोट्या केंद्रातल्या, विभागातल्या, संग्रहालयातल्या माणसांसाठी लिहिते.

रिक्त जागेपासूनच लढा सुरू करा. निवृत्तीची तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक असते. जागा भरण्याचा प्रस्ताव गेला का, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाली का, हे त्याच वर्षी लेखी विचारा. प्रभारी संचालक नेमले गेले की तो धोक्याचा पहिला इशारा समजा.

कागद हातात घ्या. तोंडी बातमीवर आंदोलन केले की 'असा निर्णयच झालेला नाही' एवढे उत्तर पुरते. माहितीच्या अधिकारात इतिवृत्ते, टिप्पण्या आणि मंजूर पदांची यादी मागा. शुल्क 10 रुपये. आपल्या राज्यातल्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. त्यापुढे राज्य माहिती आयोग आहे आणि त्याचे खंडपीठ याच शहरात आहे.

निर्णय कुठे होतो ते ओळखा. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांची कामे वेगवेगळी आहेत. अभ्यासक्रमाचा प्रश्न एकीकडे आणि पैशाचा दुसरीकडे असतो. अधिसभेची बैठक वर्षातून किमान दोनदा होते आणि तिथे नोंदणीकृत पदवीधरांचे 10 निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. माजी विद्यार्थ्यांनी पदवीधर मतदार म्हणून वेळेत नाव नोंदवावे. आपला प्रश्न सभागृहात विचारणारा एक सदस्य असणे फार मोलाचे असते.

विद्यार्थिसंख्या सांभाळा. पुढे सगळे युक्तिवाद तिथेच येऊन अडतात. जाहिरातीत आणि माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रमाचे नाव आहे ना, हे प्रवेश सुरू होण्यापूर्वी पाहा. तालुक्याच्या महाविद्यालयांत जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. हा विषय शिकून कोण काय करते आहे, हे माजी विद्यार्थ्यांनी तिथे स्वतः सांगावे.

संग्रहाची यादी करा आणि परवानगीने दुसरी प्रत सुरक्षित ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या त्या दोघांच्या पश्चातही लोकांपर्यंत पोचत आहेत, कारण प्रत्येक ओवीमागे गाणारीचे नाव, गाव आणि नोंद आहे. नोंद नसलेली फीत पुढच्या माणसाला मुकीच असते.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना पुढे उभे करू नका. ज्या कार्यालयाशी लढायचे, त्यांची पुढच्या सत्राची नेमणूक त्याच कार्यालयातून निघते. निवेदनावर पहिली सही निवृत्त प्राध्यापक, लेखक, कलावंत, वकील यांची असू द्या.

आणि ठराव झाला तरी घरी जाऊ नका. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडले. मधल्या वर्षांत माणसांनी जे सोसले त्याच्याशी एका केंद्राच्या लढ्याची तुलना होऊ शकत नाही. पण ठराव आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असते, हे या शहराइतके कुणाला ठाऊक असणार? केंद्र चालू ठेवण्याचा ठराव झाला की पदे, खोली आणि अंदाजपत्रकातली तरतूद या तिन्ही गोष्टी तारखेसह लेखी मागा.

मिलिंद महाविद्यालय 1950 साली या शहरात उभे राहिले आणि ज्यांच्या घरात पाटीही आली नव्हती ती मुले लिहू लागली. पुढे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक इथूनच निघाले. इथल्या माणसांनी स्वतःचे जगणे स्वतः अभ्यासावे, ही परंपरा आपल्याला आयती मिळाली आहे. ती टिकवणारी छोटी केंद्रे अजून आहेत. तुमच्या जवळच्या केंद्रात किती मंजूर पदे भरलेली आहेत, हे या आठवड्यात जाऊन विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर पहिला अर्ज त्याच दिवशी लिहा.