रूट कॅनॉल : ठणका थांबल्यानंतरची गोष्ट

पुणे शहरात दंतोपचाराच्या सोयींची वाण नाही. धनकवडी येथे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ पासून आहे. लष्कर भागात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली, खाजगी दवाखान्याच्या मानाने बहुधा कमी खर्चात, रूट कॅनॉल उपचार होतो. तरीही राखता आली असती अशी दाढ काढावी लागते, ती पुष्कळदा एका समजुतीपायी : ठणका थांबला म्हणजे रोग बरा झाला.

वस्तुस्थिती याच्या उलट असू शकते. दाताच्या टणक कवचाआड रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा मऊ गर असतो. त्यालाच आपण ‘नस’ म्हणतो. कीड तेथवर पोचली की गर सुजतो. पण भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला पसरण्यास जागा नसते. रात्री आडवे होताच ठणका वाढतो तो यामुळेच. पुढे गर मरतो आणि वेदना थांबते. घरची मंडळी त्याचे श्रेय लवंगेच्या तेलाला देतात, कोणी मिश्रीलाही; मिश्री तर तंबाखूच. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकत असतात. मेलेल्या गरात रक्त खेळत नाही, त्यामुळे पोटात घेतलेले जंतुनाशक औषधही तेथे पोचत नाही.

या उपचारात दाताचे मूळ काढीत नाहीत. जागा बधिर करून, दाताला वरून छिद्र पाडून फक्त गर काढतात. आतील नळ्या बारीक कानशींनी घासून, औषधी द्रावणाने धुऊन, गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने भरतात. पुढच्या दातास बहुधा एकच नळी असते, खालच्या मोठ्या दाढेस दोन मुळे व बहुधा तीन नळ्या. दाढेस वेळ अधिक लागतो तो म्हणून. पोखरलेली दाढ चावताना फुटू नये यासाठी तिच्यावर टोपी बसवितात; तेथे केलेली काटकसर महागात पडते.

वरच्या दाढेस हात लावला की नजर जाते, हा समज निराधार आहे. दृष्टीची नस व दातांची नस वेगवेगळ्या आहेत. अशा दातामुळे शरीरात इतर रोग उद्भवतात, असे मत अमेरिकेतील वेस्टन प्राइस यांनी १९२० च्या दशकात मांडले होते. पुढील संशोधनात ते टिकले नाही. प्रत्येक दात वाचतो असे मात्र नाही. मूळ उभे चिरले असल्यास तो काढणेच योग्य.

शिक्षकांनी एका दाढेकडे विशेष लक्ष द्यावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे जी मोठी दाढ येते, ती कायमची असते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात व किडू देतात. तिची मुळे पूर्ण वाढण्यास उगवल्यानंतर सुमारे तीन वर्षे लागतात. त्याआधी गर मेला तर उपचार अधिक अवघड होतो.

दातदुखीनंतर जबड्याखाली सूज, ताप आणि गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णास त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे.