सेरामपूरची सनद : एका विद्यापीठाची वाढ व खेड्यांतील मंडळ्या

अभ्यासाकरिता वचने : २ तीमथ्य २:१–७

वरील भागात पौल तीमथ्यास असे सांगतो की, मिळालेली शिकवण आपल्याचपाशी न ठेवता ती भरवशाच्या माणसांच्या स्वाधीन करावी, म्हणजे त्यांच्याकडून ती आणखी पुढच्यांस पोहोचेल. देणारा, घेणारा व त्याच्यापासून घेणारा अशी ही साखळी आहे. ह्या साखळीचा आपल्या देशातील एक मोठा दुवा म्हणजे सेरामपूर कॉलेज. त्याच्या वाढीचा वृत्तान्त ह्या पाठात पाहू.

‘अमुक पाळकांनी सेरामपूरची पदवी घेतली आहे’ असे आपल्या उपदेशकांच्या कानांवर येते. परंतु हे सेरामपूर कोणते, हे थोड्यांसच ठाऊक असते. काहीजण ते आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर समजतात. तसे नव्हे. हे गाव बंगाल्यात, कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. दुसरे असे की, आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो : आमचा मुलगा इतकी वर्षे दूर शिकावयास धाडून गावाला त्याचा लाभ काय? ह्या प्रश्नाचे उत्तरही आपण ह्या वृत्तान्तातच शोधू.

१. परक्या राजाचा आश्रय

विल्यम केरी हा इंग्लंडातील एका खेड्यातला जोडे शिवणारा मनुष्य. तो १७९३ साली बंगाल्यात आला. १७९९ साली जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर व विल्यम वॉर्ड हा छापखान्याचे काम जाणणारा गृहस्थ, हे त्याच्या मदतीस आले. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांस थारा देत नव्हते. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते, म्हणून त्यांनी तेथे आश्रय घेतला व १८०० सालच्या जानेवारीत केरीही तेथे जाऊन राहिला. त्यांनी सर्वांची मिळकत एका तिजोरीत ठेवण्याचा नियम केला. मार्शमन व त्याची पत्नी हॅना ह्यांच्या शाळांचे उत्पन्न, छापखान्याचा नफा व केरीचा पगार, हे सर्व त्या कामाकडे जाई.

त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला. तो पुढे उपदेशक झाला. ह्या देशाच्या लोकांस ह्या देशाचाच मनुष्य अधिक चांगले सांगू शकतो, हे त्या तिघांच्या मनात दृढ होत गेले.

आम्हां मराठी लोकांवरही त्यांचे ऋण आहे. केरी १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत असे, व पुढे तेथे मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथ ह्यांच्या साह्याने त्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली प्रसिद्ध केला. मराठी नवा करार १८११ साली सेरामपुरास छापून झाला. छापील मराठी ग्रंथांची सुरुवात पाहू गेल्यास ही पुस्तके अगदी आरंभीच भेटतात.

२. कॉलेज कशाकरिता?

१८१८ साली ह्या तिघांनी कॉलेजाची योजना प्रसिद्ध केली व ३७ विद्यार्थ्यांनिशी काम सुरू झाले. योजनेतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली, कॉलेज केवळ ख्रिस्ती मुलांकरिता नव्हते. हिंदू व मुसलमान मुलांसही दार मोकळे होते, आणि कोणावरही त्याच्या मनाविरुद्ध धर्माचरणाची सक्ती नव्हती. दुसरी, भर देशी भाषांवर व संस्कृतावर होता. युरोपातील शास्त्रे शिकवावयाची, परंतु ती लोकांच्या भाषेत. जॉन मॅक ह्या शिक्षकाने रसायनशास्त्राचे पुस्तक बंगालीत तयार केले, ते ह्याच हेतूने. तिसरी, ख्रिस्ती उपदेशकाने आपल्या शेजाऱ्यांचे ग्रंथ, भाषा व विचार नीट जाणावेत. ज्यास आपल्या गावातील शास्त्रीबुवांचे म्हणणेच समजत नाही, तो त्यांस उत्तर काय देणार?

१८२० च्या सुमारास वॉर्ड वर्गणीकरिता अमेरिकेत गेला होता. तेथील काही देणगीदारांनी अशी अट घातली की, आमचा पैसा केवळ ईश्वरविद्या शिकविण्यास लावावा, शास्त्रे शिकविण्यास लावू नये. ही अट केरीस अत्यंत संकुचित वाटली. शास्त्रांवाचून उपदेशक तरी कसा तयार होईल, असे त्याचे म्हणणे होते. पाऊस, पीक, रोगराई व ग्रहण ह्यांविषयी गावकरी ज्यास विचारतात, तो ह्या बाबतीत अंधारात असून चालत नाही, हे आपल्या उपदेशकांस अनुभवाने ठाऊक आहे.

३. सनद मिळाली, पण वापर झाला नाही

१८२६ साली मार्शमन डेन्मार्कास गेला व त्याने राजा सहावा फ्रेडरिक ह्याजकडे अर्ज केला. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजाने सनद दिली. तिने ह्या कॉलेजास विद्यापीठाप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे स्थापन होण्यास तेव्हा तीस वर्षांचा अवकाश होता.

परंतु सनद हाती आली त्याच वर्षी सेरामपूरकर व इंग्लंडातील त्यांची सोसायटी ह्यांची फारकत झाली. वॉर्ड १८२३ सालीच वारला होता. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे निघाले व मिशनच्या कामाचा बराच पैसा बुडाला. केरी १८३४ साली व मार्शमन १८३७ साली प्रभूकडे गेला. तिघांपैकी एकानेही आपल्या कॉलेजाची पदवी कोणास दिलेली पाहिली नाही.

१८४५ साली डेन्मार्कच्या राजाने सेरामपूर इंग्रजांस विकले. राजा बदलला की जुन्या सनदा पुष्कळदा रद्दी होतात. परंतु विक्रीच्या तहात कॉलेजाचे हक्क कायम राहतील असे कलम घातले गेले. सनद पेटीत राहिली, पण जिवंत राहिली.

४. उतरती कळा

१८५७ साली कॉलेज कलकत्ता विद्यापीठास जोडले गेले. परीक्षा इंग्रजीत, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, व पदवीच्या पुढे सरकारी नोकरीची वाट. ह्यात वाईट काही नव्हते. पुष्कळ तरुण शहाणे झाले. तथापि ज्या हेतूने पाया घातला तो हळूहळू मागे पडला. अखेरीस १८८३ साली कॉलेजाचे वरचे वर्ग बंद झाले. इमारत नदीकाठी उभी होती, सनद पेटीत होती, परंतु संस्थेचा प्राण क्षीण झाला होता. इमारत व अधिकारपत्र ह्यांवर संस्था जगत नाही, हा धडा येथे मिळतो.

५. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज हॉवेल्स ह्या विद्वान मिशनऱ्याने जुन्या सनदेचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्याचे म्हणणे असे की, हिंदुस्थानातील सर्व मंडळ्यांच्या पाळकांस पुरेल अशी ईश्वरविद्येची पदवी ह्या देशातच द्यावी. १९१० साली ईश्वरविद्येचे वरचे वर्ग सुरू झाले. १९१५ साली बी. डी. ची पहिली पदवी तीन विद्यार्थ्यांस मिळाली. सनद दिल्यापासून ही अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली.

१९१८ साली बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला. कॉलेज बाप्तिस्ट मिशनऱ्यांनी स्थापिलेले. परंतु ह्या कायद्याने त्याच्या कारभारात व सिनेटात इतर पंथांच्या लोकांसही जागा मिळाली. जे एका पंथाचे होते ते अनेकांचे झाले, आणि खरी वाढ येथूनच झाली. आज सेरामपूरच्या सिनेटाशी पन्नासाहून अधिक ईश्वरविद्यालये जोडलेली आहेत. त्यांत पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, तसेच १९५३ साली यवतमाळास सुरू होऊन १९८३ साली पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही आहे. काही अभ्यास प्रादेशिक भाषांतून करता येतो, आणि घरी राहून अभ्यास करून परीक्षा देण्याचीही सोय आहे. कला, शास्त्र व वाणिज्य हे सेरामपूर कॉलेजाचे वर्ग मात्र कलकत्ता विद्यापीठाकडे आहेत.

६. आपल्याकरिता बोध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. गावाला लाभ काय? शिकलेला मुलगा जर गावाची भाषा, गावाचे दुःख व गावची माणसे विसरला, तर लाभ थोडा. मग दोष विद्येचा नव्हे, हेतू सुटल्याचा. सेरामपूरचेही एकदा असेच झाले होते, हे आपण वर पाहिले. परंतु हेतू धरून ठेविला, तर एका मनुष्याच्या शिकण्याने पिढ्यांचे कल्याण होते.

म्हणून मंडळीची तीन कर्तव्ये आम्हांस दिसतात. योग्य तरुण किंवा तरुणी पारखून निवडणे, हे पहिले. तो शिकत असता त्याला पत्र, प्रार्थना व यथाशक्ति दाणापाणी पोहोचविणे, हे दुसरे. तिसरे कर्तव्य आपण बहुधा विसरतो : तो परत आल्यावर त्याला पोट भरेल असे वेतन व मान देणे. भुकेला पाळक शहराकडे वळला, तर त्याला एकट्याला दोष देणे न्यायाचे नव्हे. पौलाने ह्याच भागात कष्टकरी शेतकऱ्याच्या वाट्याची गोष्ट काढली आहे, ती उगीच नव्हे.

केरी, मार्शमन व वॉर्ड ह्यांनी लावलेल्या झाडाचे फळ त्यांनी चाखले नाही. आपण चाखीत आहो. तेव्हा आपणही असे काही लावावे की ज्याचे फळ आपली नातवंडे खातील.

चर्चेकरिता प्रश्न

१. सेरामपूरच्या संस्थापकांनी देशी भाषांवर भर का दिला? आपल्या गावी ह्याचा उपयोग कोणता?
२. सनद असूनही ८८ वर्षे ईश्वरविद्येची पदवी दिली गेली नाही. ह्यावरून मंडळीने काय शिकावे?
३. गेल्या दहा वर्षांत आपल्या मंडळीने कोणास शिकावयास धाडिले? नसेल, तर अडचण कोणती?