मोकळा केला, पण हाती काय दिले?

अभ्यासासाठी शास्त्रभाग: अनुवाद 15:12-15, लूक 14:28-30



वाडीवरचा एखादा तरुण कल्याणला कामाला आला, तर महिन्याला किती मिळाले म्हणजे त्याचे भागेल? मंडळीत हा प्रश्न मला नेहमी विचारतात. तीन वर्षांपूर्वी मी त्याचे उत्तर चुकीचे दिले, म्हणून हा पाठ.

शहापूर तालुक्यातील एका कातकरी तरुणाला मी कल्याणजवळ गोदामात काम मिळवून दिले. पगार 12,000 रुपये. चौघांत मिळून खोली, म्हणून भाड्याचा वाटा 2,000, जेवण 3,500, प्रवास 600, मोबाईल 300, औषध व कपडे 600, घरी पाठवायला 2,000. एकूण 9,000. हिशोब जमला, असे मला वाटले. हातात 3,000 रुपये देऊन, प्रार्थना करून मी त्याला पाठवले.

तेविसाव्या दिवशी तो वाडीवर परतला. पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला होणार होता. पण त्याआधीच डिपॉझिटचा वाटा 4,000, भाडे व जेवण 5,500 आणि प्रवास 600, असे 10,100 रुपये लागत होते. दिवाळीनंतर त्याच्या घराने वीटभट्टीची उचल घेतली. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते; खरा हिशोब होतो पावसाच्या तोंडावर, आणि तेव्हाही पुष्कळदा उचल फिटलेली नसते. वेठबिगारीचे कर्ज 1976 च्या कायद्याने रद्द ठरते. पण ज्याच्या घरात आज तांदूळ नाही, त्याला उचल हाच आधार वाटतो.

आता कुटुंबाचे पाहू. टिटवाळ्याकडे चाळीत राहणाऱ्या चौघांचा आमच्या वहीतला हिशोब असा: भाडे 4,000, किराणा व भाजी 8,000, वीज-पाणी-गॅस 2,000, प्रवास 1,500, शाळा 1,500, औषध व कपडे 2,000; एकूण 19,000. नाक्यावर 500 रुपये रोज मिळाला, तरी हे 38 दिवसांचे काम झाले. म्हणजे नवराबायको दोघांनाही महिन्यात 19 दिवस काम मिळायला हवे. पावसाळ्यात ते मिळत नाही.

केंद्र सरकारच्या 2023-24 च्या पाहणीत शहरी भारतातील माणशी सरासरी मासिक खर्च 6,996 रुपये निघाला. चौघांचा सुमारे 28,000. डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणारे आपल्यापैकी अनेकजण याहून अधिक खर्च करतात, आणि तरीही महिनाअखेरीस ओढाताण होते असे म्हणतात. मी स्वतः त्यांपैकीच आहे. पण आपल्याला दुकानदार उधार देतो, बँक कर्ज देते, भाऊ डिपॉझिट भरतो. त्या तरुणाच्या मागे यांपैकी कोणीही नव्हते.

बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशोब करावा, असे प्रभू येशूने शिकवले. मी महिन्याचा हिशोब केला, पायाचा केला नाही. अनुवादात देवाने हा पाया सांगितला आहे. सहा वर्षे राबलेल्या दासाला सातव्या वर्षी मोकळे करायचे, पण रिकाम्या हाताने नव्हे. त्याला कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून उदारपणे द्यायचे. कारण इस्राएलही मिसरात दास होता आणि देवाने त्याला सोडवले. त्या माणसाला सुटकेइतकीच पहिल्या दिवसांच्या शिदोरीची गरज होती, हे देव जाणत होता.

आता आम्ही शहरात येणाऱ्या तरुणाला आधी डिपॉझिट आणि पहिल्या चाळीस दिवसांचा खर्च देतो. तो पगारातून हप्त्याने परत येतो आणि पुढच्याला मिळतो. तो पहिला तरुण गेल्या वर्षी पुन्हा आला. तो अजून टिकून आहे.

चिंतनासाठी प्रश्न

1. तुम्ही या शहरात आलात तेव्हा पहिला महिना कोणी सांभाळला?
2. आपल्या दानातून मोकळे झालेल्या माणसाच्या हाती नेमके काय पडते?
3. आपल्या घरच्या कामगाराचा पगार आपण वेळेवर देतो का? (अनुवाद 24:14-15)

प्रार्थना: हे प्रभो, आम्हांला तू रिकामे पाठवले नाहीस. आमचेही हात मोकळे कर. आमेन.