शेतात जा, कचऱ्याकडेही जा गं

अगं, पक्षी बघायचे तर नवेगावबांधच गाठायला हवं, असं कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? गोंदियाजवळच्या आपल्या कुडव्याबाहेर पडलीस तरी पुष्कळ आहे. डिसेंबरातली एक सकाळ मोकळी काढ. आधी शेतात जा, मग कचऱ्याकडे. नाक मुरडू नकोस!

शेतात धुऱ्यावरूनच चाल. धान कापलं की बांधी रिकामी वाटते, पण जरा वाकून बघ, धसकटांमधून लाखोरी वर आलेली असते. ती तुडवलीस तर शेतवाले काका पुन्हा पाय ठेवू देणार नाहीत. शेपटी वरखाली करत पळतो तो धोबी, हिवाळ्याचा पाहुणा. तारेवर कोतवाल असेलच. नशीब असेल तर सारसाची जोडी दिसेल. गोंदिया-भंडाऱ्याबाहेर महाराष्ट्रात तो जवळजवळ नाहीच, म्हणून त्याची जागा ग्रुपवर टाकू नकोस आणि फोटोसाठी मागेही लागू नकोस. माणसाएवढा उंच पक्षी तो, लांबूनही दिसतो.

नावं येत नाहीत म्हणून रडतेस? खरं सांगू का, मी घारीला गरुड ठरवून अख्खं घर गच्चीवर गोळा केलं होतं! शेपटीला खाच दिसली की घार समज.

ती खाच शिकायला कचऱ्याचा ढीगच बरा. बघ, घार झेप घेऊन तुकडा उचलते आणि पायातलं उडता उडताच खाते. खाली गायबगळे किडे टिपत असतात. दिल्लीच्या गाझीपूरच्या ढिगावर तर हिवाळ्यात हिमालयापलीकडच्या घारी उतरतात. गुवाहाटीत कचऱ्यावर वावरणाऱ्या हरगिला करकोच्याला लोक अपशकुनी म्हणायचे. वन्यजीव संशोधक पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावच्या बायकांनाच त्याच्या राखणीला उभं केलं. आता त्या बायका साड्यांवर हरगिला विणतात.

पण एकटी जायचं नाही, कळलं? चपला नकोत, जाड तळाचे बूट घाल, तिथं काचा असतात, सुयाही. धूर निघत असेल तर सरळ परत फीर. कुत्र्यांच्या टोळक्यापासून लांब राहा. कचरा वेचणाऱ्या मावशींशी आधी बोल, त्यांच्यावर दुर्बीण रोखू नकोस. कुठला पक्षी कुठं बसतो हे त्यांना तुझ्याआधी ठाऊक असतं.

दुर्बीण ८×४२ची पुरे, तीही आधी कुणाची तरी उसनी घे. घरी आलीस की कपडे वेगळे भिजव, आंघोळ कर, मग आईजवळ बस. घारींचं सगळं सांग. कुत्र्यांचं दोन दिवसांनी सांगितलंस तरी चालेल.