नव्याण्णव दिवसांची सम्राज्ञी

जुन्या घरातून अजून कुठे कुठे राणीछाप रुपया जपून ठेवलेला सापडतो. त्यावर जिचं तोंड आहे, ती इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. तिची थोरली लेक जर्मनीत दिली होती. लेकीचं नावही व्हिक्टोरियाच. घरात तिला व्हिकी म्हणत. तिची हकीकत आम्ही आज सांगतो.

व्हिकीचा जन्म १८४० सालचा. १८५८ साली प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक याच्याशी तिचं लग्न झालं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. नवरा मनासारखा मिळाला. पण दरबारातले लोक तिला परकी समजत. मागून तिला 'ती इंग्रजीण' म्हणत. राजाने लोकांनी निवडलेल्या सभेला विचारून कारभार करावा, असं तिचं नि नवऱ्याचं मत होतं. मुख्य प्रधान बिस्मार्क याला ते मुळीच पटत नसे.

१८५९ साली पहिला मुलगा झाला, विल्हेल्म. मूल पायाळू होतं. बाळंतपण फार अडलं. ओढाताणीत मुलाचा डावा हात दुखावला आणि कायमचा अधू झाला. हात सुधारावा म्हणून काय काय केलं! नुकत्याच मारलेल्या सशाच्या अंगात तो हात गुंडाळून ठेवत. विजेचे झटके देत. पोर घोड्यावरून पडे, रडे. मास्तर पुन्हा वर बसवी. आम्हीही जन्मभर मास्तरकी केली. पण हे वाचताना आमचा जीव कळवळतो. मुलाच्या मनात आईविषयी अढी बसली ती पुढे वाढतच गेली.

तिला आठ मुलं झाली. दोन मुलगे लहानपणीच गेले. अकरा वर्षांचा वाल्डेमार १८७९ साली घटसर्पाने गेला. तेव्हा त्या रोगावर लस नव्हती; आज ती तान्ह्या मुलांना टोचतात. दुःख गिळून व्हिकीने मुलींच्या शिक्षणाला, बालवाड्यांना आणि परिचारिकांच्या शिक्षणाला हातभार लावला.

१८८७ साली नवऱ्याचा घसा बसला. जर्मन डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, कापावं लागेल. इंग्लंडहून आलेले डॉक्टर मॅकेंझी म्हणाले, तसं दिसत नाही. शस्त्रक्रिया राहिली. अखेर तो कॅन्सरच निघाला. श्वास घेता यावा म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्याची वाचा गेली. ९ मार्च १८८८ रोजी म्हातारे सम्राट वारले आणि फ्रेडरिक गादीवर आला. तीस वर्षं वाट पाहिली, आणि आता तोंडातून शब्द निघत नव्हता! जे सांगायचं ते तो कागदाच्या चिठ्ठीवर लिही. असं नव्याण्णव दिवस चाललं. १५ जूनला तो गेला. लोकांनी दोष बायकोला दिला.

त्याच दिवशी मुलाने, म्हणजे नव्या सम्राटाने, वाड्याभोवती शिपाई उभे केले आणि कागदपत्रांची झडती घेतली. पण शहाण्या बाईने महत्त्वाचे कागद आधीच इंग्लंडला पोचवले होते.

पुढे ती क्रोनबर्ग गावी राहिली. तिलाही कॅन्सर झाला. ती आईला नेमाने पत्रं लिहीत आली होती. आई १९०१ च्या जानेवारीत वारली. पुढच्याच महिन्यात भाऊ, इंग्लंडचा राजा, भेटीला आला. त्याच्या चिटणिसाला तिने रात्री गुपचूप ती पत्रं दिली. मुलाच्या हाती ती लागू नयेत, एवढंच तिचं मागणं होतं. चिटणिसाने पेट्यांवर 'चिनी मातीची भांडी' आणि 'पुस्तके' असं लिहून त्या आपल्या सामानात घातल्या. कुणाला संशय आला नाही. ५ ऑगस्टला ती वारली. पत्रं १९२८ साली छापून निघाली. तोवर मुलाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि तो हॉलंडात दिवस काढत होता.