बी.सी.जी. : दंडावरची लस आणि मूत्राशयाचा कर्करोग

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा वाटोळा वण असतो. तान्हेपणी टोचलेल्या बी.सी.जी. लसीची ती खूण. ही लस क्षयाविरुद्ध असते, एवढे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच जातीचे जिवंत जंतू मूत्राशयाच्या कर्करोगावर औषध म्हणून वापरतात, हे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सहसा माहीत नसते. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी झुंजायला लावण्याचे जे अनेक प्रयत्न झाले, त्यांत हा सर्वांत टिकाऊ ठरला. म्हणून त्याची हकिगत थोडी सविस्तर पाहू.

कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचा शल्यचिकित्सक विल्यम कोली याची एक तरुण रुग्ण १८९१ च्या आरंभी हाडाच्या कर्करोगाने दगावली. हात कापूनही उपयोग झाला नव्हता. अस्वस्थ होऊन त्याने रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली. मानेवर मोठी गाठ असलेल्या एका रुग्णास धावरे (विसर्प) झाले, ताप चढला आणि गाठ विरून गेली, अशी एक नोंद त्यास सापडली. कोलीने तो मनुष्य शोधून काढला. तो ठणठणीत होता. मग कोलीने रुग्णांना मुद्दाम ते जंतू टोचले, पुढे मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले. काही बरे झाले, काहींना गुण आला नाही, आणि असे का, हे सांगता येईना. किरणोपचार आल्यावर ही पद्धत मागे पडली.

तिकडे फ्रान्समध्ये लील येथे काल्मेत आणि गेराँ हे दोघे गाईच्या क्षयाचा जंतू ग्लिसरीन व पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवीत होते. १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षे, दर तीन आठवड्यांच्या सुमारास नव्या बटाट्यावर, एकूण २३० वेळा! शेवटी जंतू जिवंत पण निरुपद्रवी झाला. बी.सी.जी. या अक्षरांतील ‘सी’ व ‘जी’ ही या दोघांचीच आद्याक्षरे.

क्षय आणि कर्करोग यांची सांगड मात्र एका चुकीतून घातली गेली. अमेरिकेतील रेमंड पर्ल याने १९२९ मध्ये शवविच्छेदनांची आकडेवारी प्रसिद्ध केली. कर्करोगाने मेलेल्यांत क्षयाच्या खुणा शेकडा ६.६, तर इतरांत १६.३. यावरून क्षय कर्करोगास अटकाव करतो, असे त्याने ठरविले. पण ते ‘इतर’ कोण होते? रुग्णालयात मरण पावलेलेच. आणि त्यांतले कितीतरी क्षयानेच मेलेले! त्यांच्यात क्षय जास्त आढळणारच. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी तुलनेचा गट कसा निवडू नये यासाठी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे. गंमत अशी की, तर्क चुकीचा असूनही दिशा अगदीच वाया गेली नाही. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड व सहकाऱ्यांनी उंदरांना बी.सी.जी. देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यात कर्करोगाच्या गाठींना खरोखरच विरोध होताना दिसला.

यानंतर बी.सी.जी. नाना प्रकारच्या कर्करोगांवर वापरून झाली व बहुतेक ठिकाणी निराशा पदरी आली. बर्टन झ्बार याने गिनीपिगांवर प्रयोग करून यशाच्या अटी शोधल्या : गाठ लहान हवी, जंतू गाठीला प्रत्यक्ष भिडले पाहिजेत, त्यांची संख्या पुरेशी हवी, आणि प्राण्याची प्रतिकारशक्ती शाबूत हवी. आता मूत्राशयाचा विचार करा. ती एक पोकळ पिशवी. आतल्या अस्तरावरच्या उथळ गाठी दुर्बिणीने खरवडून काढता येतात आणि नळीने औषध आत सोडून कोंडूनही ठेवता येते. या अटी जणू याच अवयवासाठी घातल्या होत्या.

कॅनडातील किंग्स्टनच्या आल्वारो मोरालेस यांनी हे ओळखले. १९७६ मध्ये त्यांनी अवघ्या ९ रुग्णांचा वृत्तांत छापला. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे औषध दिले होते. सहाच का? लस सहा कुप्यांच्या पेटीतून येत असे म्हणून, असे सांगतात! उपचारापूर्वी या रुग्णांत ७७ रुग्ण-महिन्यांत २२ वेळा गाठी उलटल्या होत्या. उपचारानंतर ४१ रुग्ण-महिन्यांत फक्त एकदा. पुढे मोठ्या चाचण्यांनी हे खरे ठरविले, १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि सहा आठवड्यांचा तो क्रम आजही चालू आहे. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये हे औषध तयार होते.

जंतू कर्करोगाच्या पेशी स्वतः खात नाहीत. ते अस्तराला चिकटतात, काही पेशींत शिरतात आणि तेथे गलबला उडतो. संदेशवाहक द्रव्ये सुटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, पाठोपाठ टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी येतात. जंतूंवरच्या या हल्ल्यात कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. म्हणूनच रुग्णास जळजळ, वारंवार लघवी, थोडा ताप असा त्रास होतो. क्वचित जंतू रक्तात उतरतात व ते गंभीर असते. लघवीतून रक्त जात असताना वा नळीने इजा झाली असता औषध देत नाहीत ते यासाठीच. दंडावर लस टोचून घेतल्याने यातले काहीही साधत नाही, हेही सांगून ठेवतो. कर्करोग स्नायूंत शिरला असेल तर हा उपाय पुरत नाही. मग बहुधा मूत्राशयच काढावे लागते. तेव्हा सारे काही वेळेवर कळण्यावर आहे. वेदना न होता एकदाच रक्त गेले व थांबले, म्हणून लोक गप्प बसतात. तेथेच घात होतो. या रोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान. निपाणीची तंबाखूपेठ ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हे वेगळे काय सांगावे?

कित्येकांत बी.सी.जी. निकामी ठरते. टी-पेशींना स्वतःचे लगाम असतात. कर्करोग ते लगाम खेचून त्यांना थोपवितो. हे लगाम सैल करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्या जातीचे पेंब्रोलिझुमॅब हे औषध, बी.सी.जी. ला दाद न देणाऱ्या काही रुग्णांसाठी २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखण्याचे नवे साधन बसवून परत सोडण्याची रीत रक्ताच्या काही कर्करोगांवर वापरतात. मुंबईच्या आय.आय.टी. व टाटा मेमोरियल यांनी मिळून घडविलेल्या अशा उपचारास २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. ती हकिगत स्वतंत्र लेखाची आहे.

बी.सी.जी. मात्र हटलेली नाही. अडचण वेगळीच आहे. हा जंतू फार सावकाश वाढतो, तो बनविणारे कारखाने थोडे, आणि गेल्या दशकात जगात अनेकदा तुटवडा पडून डॉक्टरांना एकच कुपी दोघा-तिघा रुग्णांत वाटून द्यावी लागली आहे.